परक्या समुद्राची वेळ

महेशने भाड्याची गाडी दारात आणली होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता, तरी मी चालतच निघालो. "बाबा, विमान आहे, एस्टी नाही," तो मागून ओरडला. मी म्हटलं, सामान तुझं, ते गाडीने ने. पाय माझे आहेत. कुलूप त्यानेच घातलं. मी ते पाहिलं नाही. तोवर मी पाखाडीच्या पायऱ्या उतरून, पऱ्याचं पाणी ओलांडून पलीकडे गेलो होतो.

ती वाट तुम्हा गावकऱ्यांना ठाऊक असायला हवी. नसेल तर लाज वाटू द्या. गावाबाहेर पडलं की देवाची राई लागते. तिथे कुऱ्हाड कधी चालली नाही, वाळकी फांदीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. चपला काढून हातात घ्यायच्या आणि अनवाणी पार व्हायचं. आतल्या किंजळीच्या बुंध्याला चार माणसांनी हात धरले तरी वेढा पुरत नाही. राई संपली की चढण, चढण संपली की सडा. तासभर नुसता काळा कातळ, मधे मधे पिवळं गवत आणि कानाशी वारा. सडा उतरला की वाळूची पुळण, पुळणीच्या टोकाला खाडी, खाडीपलीकडे तालुक्याचा स्टँड. एकूण तीन तास. टपाल खात्याचा रनर म्हणून मी ती वाट एकतीस वर्षं चाललो, जाऊन-येऊन. पूल नंतर आला. माझ्या वेळी खाडीला उतार होता, म्हणजे ओहोटीला पाणी मांडीपर्यंत यायचं तेव्हा थैली डोक्यावर घेऊन पार व्हायचं. भरतीत माणूस बुडायचा. माझी थैली एकदाही भिजली नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण हे सांगायला चौथी पुरते.

वेळ माझ्या बापाने शिकवली. तो म्हणायचा, "तिथीची पाऊणपट कर, भरती येते." षष्ठी असली तर सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाला ओहोटी पुरी. घड्याळ नव्हतं तेव्हा तो हे सूर्यावर करायचा. आणि दुसरं म्हणायचा, "पान्याला पाठ दावू नुको." निघालो त्या दिवशीही मी तिथी धरूनच खाडी उतरलो, पँट गुडघ्यावर दुमडून. पलीकडे महेश गाडीला टेकून उभा होता, तोंड वाकडं करून. चिखलाने माखलेल्या त्याच पँटने विमानात बसलो. शेजारच्या बाईने नाक मुरडलं. मुरडू दे.

का निघालो, तेही सांगतो, कारण गावात भलतंच काही पसरलंय असं कळलं. महेशची आई गेल्यावर वर्षभर मी एकटा राहिलो, रांधून खाल्लं, कुणाच्या दारात गेलो नाही. मग न्हाणीत पाय घसरला. पडलो ते पडलो, उठलोही असतो, पण तुमच्यापैकीच कुणीतरी कतारला फोन लावला. कोण ते मला ठाऊक आहे. महेश चौथ्या दिवशी हजर.

आता इथलं ऐका. दोहात अल हिलाल नावाच्या भागात आम्ही राहतो, चौथ्या मजल्यावर. महेश मेसईदच्या कारखान्यात इंजिनियर आहे, पहाटे कंपनीच्या बसने जातो. सूनबाई रूपाली नाशिकची, बँकेत आहे. नात गार्गी नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं तिला, पण उत्तर इंग्रजीत. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं, असा आमचा संसार. खिडक्या उघडत नाहीत. उघडल्या तर समोरच्या बिल्डिंगचे एसी गरम वारा तोंडावर ओततात, त्याला कुबट ओल्या फडक्याचा वास. पहिल्या महिन्यात मला जेवण गेलं नाही, त्या वासानेच.

मी आलो तो उन्हाळा तोंडावर होता. चालायला जातो म्हटलं तर महेश म्हणाला, मॉलमध्ये नेतो. मला वाटलं थट्टा करतोय. खरंच नेलं. काचेच्या दुकानांमधून, छताखाली, गारठ्यात, माणसं हात हलवत चालत होती. गोल गोल. नीट पोशाख केलेली, शिकलेली माणसं! कुठे पोचायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही. आमच्या मागे दोन बाया अत्तराचा लोट सोडत आल्या, माझं डोकं उठलं. महेशच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि तो खूश होऊन म्हणाला, "बाबा, दहा हजार झाली." कसली दहा हजार? पावलं. पावलं मोजतात! आम्ही पावलं मोजली असती तर टपाल कधी पोचलं असतं? घरी येऊन मी आंघोळ केली, एवढं किळसवाणं वाटलं मला ते चालणं.

थंडी पडली तशी यांची शुक्रवारची चालणी सुरू झाली. इथे शुक्रवार सुट्टीचा. पंचवीस-तीस मराठी माणसांचा ग्रुप आहे, पुण्याचा निखिल तो चालवतो. कॉम्प्युटरमधला पोरगा, तिशीचा, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलाय. सगळ्यांचे केशरी टी-शर्ट. मलाही एक दिला, मी घातला नाही. कधी दुखानच्या बाजूला पांढऱ्या दगडांच्या टेकाडांवर, कधी काटेरी झुडपांच्या माळावर, कधी समुद्राकाठी. जायच्या आधी फोटो, मधे फोटो, झाल्यावर फोटो. स्पीकरवर गाणी. खाकरे, केळी, ते ओले सुगंधी कागद. माळावर बसले की उठल्यावर तिथे कचरा. मी उचलायचो, तर म्हणायचे, "काका, राहू दे हो, इथे साफ करायला माणसं असतात." थू. ती माणसं कोण, तर बिहारची नाहीतर नेपाळची, उन्हात पिवळी जाकिटं घालून फिरतात ती.

तरी मी जायचो. का जायचो? गार्गीमुळे. ती माझ्या बाजूने चालायची. तिला मी राईचं सांगायचो, गारंबीच्या वेलाच्या हातभर शेंगा, ककणेर म्हणजे धनेश पक्षी उडताना पंखांचा आवाज कसा येतो ते. ती विचारायची, "अँड देन?" एवढंच. मग मी पुढचं सांगायचो. महेशला मी हे कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या लहानपणी मी वाटेवर असायचो.

मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी अल खोरच्या पुढे नेलं. तासभर गाडीने. "काका, आज खरं जंगल दाखवतो," निखिल म्हणाला. पोचलो आणि बघतो तर तिवरं! खाडीतली साधी तिवरं, आपल्याकडे गुरांना घालतात ती. मोठी माणसं त्यांना हात लावून बघत होती, वा वा करत होती. बुंध्याभोवती चिखलातून वर आलेल्या बोटभर मुळ्या, त्यात कुणाच्या तरी सहलीची प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली. तरी खरं सांगतो, चिखलाचा वास आला आणि माझे पाय आपोआप चपलेतून बाहेर आले. आठ महिन्यांत पहिल्यांदा ओळखीचा वास. खारट, जरासा कुजका, आपल्या उताराचा.

पाणी ओसरलेलं होतं. घोट्याएवढ्या पाण्यातून सगळे आत चालले. निखिल मोबाइल बघून म्हणाला, "साडेनऊला सगळे परत किनाऱ्यावर पाहिजेत. त्यानंतर पाणी चढतं."

मी विचारलं, "आज तिथी काय?"

"काय, काका?"

"तिथी रे, तिथी. घरात कालनिर्णय नाही का?"

एका बाईंनी मोबाइलमध्ये बघून सांगितलं, षष्ठी. मी हसलो. म्हटलं, "मग साडेदहापर्यंत ओहोटी आहे. अजून निवांत आत जाऊ."

"अहो काका, पण अ‍ॅपमध्ये..."

"तुझं अ‍ॅप कधी खाडी उतरलंय का रे?"

सगळे खळखळून हसले. महेशसुद्धा. एक जण म्हणाला, "काकांचं अ‍ॅप जुनं आहे, पण हँग होत नाही." ते हसणं मला आवडलं. आठ महिन्यांत इथे माझ्या कुठल्या बोलण्याने कुणी हललं नव्हतं. मी बोलायचो आणि ते "हो बाबा, हो काका" करून टीव्हीकडे बघायचे. त्या दिवशी माझं खरं धरलं. म्हणून मी फुगलो, कबूल करतो.

नऊच्या सुमाराला निखिलने बाकीच्यांना परत वळवलं. मी गार्गीचा हात धरून पुढच्या वळणावर गेलो, पलीकडे रोहित पक्षी उतरलेत असं कुणीतरी म्हणालं होतं. महेशने हाक मारली, "बाबा, फार आत नको." मी हात वर करून गप्प केला त्याला. पक्षी होते. गुलाबी, लांब मानेचे, शंभरेक तरी. गार्गी माझ्या बोटाला धरून श्वाससुद्धा घेईना. मी तिला सांगत होतो की हे आपल्या खाडीतही यायचे, आणि ते सांगताना पाठ कुठे आहे याकडे माझं लक्ष नव्हतं.

पाणी मागून आलं. आवाज नाही, लाट नाही. आधी चिखलातले ठसे भरले, मग मुळ्यांची टोकं दिसेनाशी झाली. वळून बघतो तर आलो ती वाटच नाही, सगळीकडे एकसारखं हिरवं पाणी. गार्गीच्या गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. तिचा एक बूट चिखलाने ओढून घेतला. ती रडली नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिला खांद्यावर घेतलं. थैली डोक्यावर घेऊन एकतीस वर्षं काढलेला माणूस मी, मला वाटलं चार ढांगात पार होईन. दुसऱ्या ढांगेला गुडघा मुरगळला. चिखलाने मांडीपर्यंत धरलं. पाणी छातीला आलं आणि मी जागचा हलेना. शरमेने मी हाकही मारली नाही.

काढलं कुणी? प्लॅस्टिकच्या पिवळ्या होड्या असतात इथे, पर्यटकांना वल्हवायला. एक फिलिपिनो मुलगी अशाच होड्यांची रांग घेऊन चालली होती, तिने बघितलं. "यल्ला, बाबा, यल्ला," म्हणजे चला चला, करत तिने आधी गार्गीला उचललं, मग मला बगलेत धरून वर ओढलं, नारिंगी जाकीट घातलं आणि पोत्यासारखं होडीत ठेवलं. मागून महेश कमरेएवढ्या पाण्यातून धावत येत होता, पडत, उठत. किनाऱ्यावर केशरी टी-शर्टवाले ओळीने उभे. कुणी फोटो काढला नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच.

पायाला शिंपल्यांनी चिरा पडल्या होत्या, गाडीत रक्त लागलं. घरी पोचल्यावर रूपालीने गार्गीचे पाय गरम पाण्यात धरून बसवलं, माझ्याकडे बघितलं नाही. महेश शेवटी म्हणाला, "बाबा, ती नऊ वर्षांची आहे." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दिल्या असत्या.

मी म्हटलं, "इथला समुद्रच चमत्कारिक. भिकार देश. मला गावी जायचंय, तिकीट काढ."

तो म्हणाला, "काढतो."

मला वाटलं होतं नको म्हणेल. आठ महिने हाच विषय काढला की हात जोडायचा. या वेळी त्याने मोबाइल काढून तारखा बघायला घेतल्या. आणि ठरलं, मी जाईपर्यंत गार्गीने माझ्याबरोबर खाली बागेतसुद्धा जायचं नाही. हे मला रूपालीने सांगितलं, हळू आवाजात, चहाचा कप समोर ठेवून. तिचं बरोबर होतं. ते बरोबर आहे याचाच मला जास्त संताप आला.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी निखिल आणि आणखी दोघं-तिघं घरी आले, माझी विचारपूस करायला. सोबत खजुराचा डबा. मी कोचावर बसलो होतो, पायाला पट्ट्या. निखिल भला पोरगा आहे, त्याने खाडीचा विषय काढलाच नाही, गुडघ्याला तेल कुठलं लावता असलं काहीतरी विचारत बसला. तेवढ्यात गार्गी मधे येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजोबा वॉज राइट. द वॉटर केम रॉन्ग."

सगळे हसायचं की नाही या विचारात. तिने माझ्याकडे वळून म्हटलं, "नेक्स्ट टाइम वी विल गो मोअर इनसाइड. यू नो द टाइम."

आठवडाभर मी याच बोलण्याची वाट बघत होतो, कुणीतरी म्हणावं की म्हाताऱ्याचं चुकलं नाही. आणि म्हणाली कोण, तर ती. ही पोर उद्या माझ्या शब्दावर पाण्यात शिरणार. मी गावी गेलो तरी तिथी विचारून शिरणार.

मी म्हटलं, "गार्गी, पाणी बरोबर होतं. आजोबा चुकले."

"नो, यू..."

"चुकले. मला इथली वेळ माहीत नाही. मी माहीत असल्यासारखं बोललो. या निखिलचं बरोबर होतं, मी त्याला सगळ्यांसमोर हसलो."

निखिल उठून उभाच राहिला. "जाऊ द्या काका, होतं असं."

"असं होत नाही. माझ्याकडून झालं."

महेश स्वयंपाकघरात गेला आणि उगीच नळ सोडून उभा राहिला. मला ते ऐकू येत होतं. रूपालीने खजुराचा डबा फोडला.

ते लोक गेल्यावर मी महेशला म्हटलं, मला वक्राला ने, तिथे मासेमारीच्या होड्या लागतात असं ऐकलंय. शनिवारी नेलं. गार्गी गाडीत मागे, पट्टा बांधून. धक्क्यावर एक केरळचा म्हातारा जाळं सांधत बसला होता, माझ्याच वयाचा. आयुष्यात मी कुणाला समुद्राबद्दल काही विचारलं नव्हतं. लोक मला विचारायचे. तरी त्याला विचारलं, माझ्या मोडक्या हिंदीत. इथे भरती कधी येते, चंद्रावर कशी धरायची?

तो म्हणाला, "चाचा, यहाँ का पानी टेढ़ा है. कोई दिन दो बार चढ़ता, कोई दिन एक बार ठीक से. अपने गाँव का हिसाब नहीं चलता." आणि लुंगीच्या गाठीतून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "मैं तो इसमें देखता हूँ."

मेला! समुद्रावर जन्म काढलेला माणूस, आणि लुंगीत मोबाइल. मला त्याची किळस आली आणि तेवढाच त्याचा आधारही वाटला. मला आणि महेशला त्याने काळा चहा दिला, दूध न घातलेला, कडू. आम्ही तो तिथेच बसून प्यायलो.

आता तुम्ही, गावातले, हे वाचून हसाल. हसा. पण आधी माझ्या वाटेकडे बघा. गावच्या मंडळाच्या मुलांनी फोटो पाठवलेत. पाखाडीवर रानमोडी माजलीय, कमरेएवढी. सड्यावर चिरेखाण, अर्धा कातळ खरवडून नेलाय. नवा रस्ता झाल्यापासून राईतून कुणी जात नाही, म्हणे वेळ लागतो. इथले लोक तासभर गाडी चालवून तिवरं बघायला जातात आणि तुम्ही दाराशी असलेली राई बघत नाही. कोण जास्त भिकार, ते तुम्हीच ठरवा. आणि जे माझ्यासारखे बाहेर गेलेत, दुबईला, मस्कतला, त्यांनी मॉलमध्ये चालू नये. एवढं ऐका माझं.

महेशने तिकिटाचं दोनदा विचारलं. मी म्हटलं, थांब जरा. शाळेची एक वही घेतलीय. गार्गी रोज सकाळी मोबाइलवर बघून वेळ सांगते, मी तिथी लिहितो आणि शेजारी तिची वेळ. तीन महिने झाले. पाऊणपट बसत नाही, निमपट बसत नाही, कुठलंच काही बसत नाही. चीड येते. तो केरळी बरोबर बोलला असणार, पण मी अजून मान्य केलेलं नाही. जे पाणी मला कळलं नाही त्याला सोडून मी विमानात बसणार नाही.

गावात मला कुणाला काही विचारावं लागलं नाही, त्यालाच मी घर समजत होतो. इथे रोज विचारावं लागतं. आज सकाळीही विचारलं. गार्गी दप्तर पाठीला लावून दारात उभी होती, खाली बस हॉर्न मारत होती, तरी ती थांबली, मोबाइल बघितला आणि म्हणाली, "आजोबा, भरती, फोर फिफ्टीन."

भरती म्हणाली. मी सव्वाचार लिहिलं.